नऊ वाजून सत्तावन्न मिनिटं

सायकलवरचे सिनेमे मला बघवत नाहीत. टीव्हीवर अधूनमधून एखादा लागतो. पोरगा गरीब, सायकल मोडकी, बाप दारुडा, आई आजारी. मग कुणीतरी म्हातारा गुरू भेटतो, पोरगा पहाटे उठून चढ चढायला लागतो, शर्यतीत पडतो, उठतो आणि छाती काढून फीत तोडतो. माझी बायको पदरानं डोळे पुसते आणि मी उठून गॅलरीत जातो. तिला वाटतं, या माणसाला भावना नाहीत. नसतीलही. पण असा एक सिनेमा बनताना मी जवळून पाहिला आहे. त्यातल्या हीरोचं हजेरीचं कार्ड माझ्या ताब्यात असायचं.

हीरोचं नाव बाळाराम भोईर, टोकन नंबर दोनशे चौदा. अंबरनाथ एमआयडीसीत रंगाची केमिकलं बनवणाऱ्या एका कंपनीत तो प्लँट ऑपरेटर होता आणि मी टाइम ऑफिसला. टाइम ऑफिस म्हणजे गेटच्या आत एक खिडकी, भिंतीवर पंचिंगचं घड्याळ आणि बाजूला कार्डांचा रॅक. कामगारानं येताना कार्ड घड्याळात घालून दांडा दाबायचा, जाताना पुन्हा दाबायचा. ज्याचं पंचिंग राहिलं असेल त्याच्या कार्डावर हातानं वेळ लिहून सही करायची, हा अधिकार माझा. एवढ्या अधिकाराच्या जिवावर मी तिथे एकवीस वर्षं रुबाबात काढली, यावरून माझी लायकी ओळखा.

बाळाराम मला पहिल्यापासून आवडला नाही. पहिली पाळी सातची. हा माणूस रोज सहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी दांडा दाबायचा. सहा पंचावन्नला नाही, सहा अठ्ठावन्नला नाही. महिनाअखेर त्याचं कार्ड काढलं की वरपासून खालपर्यंत तोच आकडा. बाकीच्यांच्या कार्डावर कसं, लाल शिक्के असायचे, खाडाखोड असायची, माझी सही लागायची, कामगार खिडकीशी येऊन "परधान साहेब, जरा बघा ना" करायचे. बाळारामला माझी गरजच पडायची नाही. असा माणूस कारकुनाला कसा आवडणार?

तो बदलापूर गावातून सायकलनं यायचा. मी राहायचो बेलवलीला, म्हणजे त्याच्या गावाला लागूनच, पण मी लोकलनं आणि पुढे शेअर रिक्षानं. त्याची सायकल काळी, चोवीस इंची, डायनामो, कॅरिअर आणि पूर्ण चेनकव्हर असलेली. शेडमध्ये बाकीचे सायकली एकमेकींवर लोटून द्यायचे. हा मात्र स्टँड लावणार, हँडल सरळ करणार, मग वाकून पेडल अर्धा फेरा मागे फिरवून दोन्ही पेडलं जमिनीला समांतर आणणार. एवढं झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघणार. पँटच्या पायांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, एक हिरवा आणि एक गुलाबी. एकदा पंचवीस महिने एकही खाडा न केल्याबद्दल जनरल मॅनेजरनं त्याचा सत्कार केला, तेव्हाही हे चिमटे पायाला तसेच होते. त्या शालीपेक्षा ते चिमटेच फोटोत उठून दिसले.

रिकाम्या रस्त्यावरही तो वळणाआधी घंटी वाजवायचा. मी एकदा विचारलं, पलीकडे कुणी नाही तर वाजवतोस कशाला? तो म्हणाला, रस्त्याला कळाया नको, आपून येतोय ते? भर पावसात कंपनीच्या टेंपोवाल्यानं त्याला बसायला बोलावलं, तर हा म्हणे, सायकल एकटी कशी येईल. असल्या उत्तरांवर प्लँटमधले लोक खूश असायचे. मला ती ऐकून डोकं उठायचं.

आमच्या भागातलं एक मंडळ दरवर्षी सव्वीस जानेवारीला सायकल शर्यत घ्यायचं. अंबरनाथहून सुटायचं, बदलापूरवरून वांगणी, तिथे खुणेच्या दगडाला वळसा आणि परत. सकाळी आठला सुरुवात. दहापर्यंत जो पोचेल त्याचं नाव वहीत लागायचं आणि माइकवर पुकारलं जायचं. बांबूंमधली लाल फीत दर सायकलीमागे पुन्हा अडकवायचे; दहाला ती कायमची सोडायची, की शर्यत संपली. नंतर आलेला आला काय, न आला काय. ठाण्या-मुंबईची पोरं गिअरच्या पातळ सायकली घेऊन यायची आणि सव्वा तासात परतायची. आमचा वीर त्या काळ्या गाडीचं कॅरिअर आणि स्टँड काढून ठेवायचा, तेवढीच काय ती त्याची तयारी. तरी नववा, दहावा यायचा. माइकवर नाव पुकारलं की घंटी वाजवायचा, घरी जाऊन कॅरिअर पुन्हा बसवायचा आणि दुसऱ्या पाळीला हजर व्हायचा.

नंतरची पाच वर्षं मात्र त्याला फीत दिसली नाही. त्याचं कारण मला नीट माहीत आहे, कारण त्यावर माझी सही आहे. ते आता सांगून टाकतो.

एका दुपारी तीनच्या सुमारास प्लँटमधल्या एका रिॲक्टरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं आणि पिवळट धूर पसरला. सगळे बाहेर पळाले. बाळाराम बाहेर येऊन पुन्हा आत गेला, कारण बंद करायचा व्हॉल्व्ह त्याचा होता. व्हॉल्व्ह बंद झाला. बाळारामला दोघांनी उचलून आणलं आणि मागच्या गेटनं जीपमध्ये घालून एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. पुढच्या गेटवर घड्याळ होतं, त्यामुळे जाताना पंचिंग झालं नाही. तासाभरात पर्सोनेल ऑफिसर करमरकर माझ्या खिडकीशी आले. त्यांच्या हातात दोनशे चौदा नंबरचं कार्ड होतं. उद्या सरकारी इन्स्पेक्टर यायची शक्यता आहे, म्हणाले, तर हा एक वाजता घरी गेला असं लिहा, कारण वैयक्तिक. मी लिहिलं. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. मुलीच्या शाळेची फी, बेलवलीच्या घराचा हप्ता, करमरकरांचा स्वभाव, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी फक्त पेन हातात होतं म्हणून लिहिलं. माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात.

दीड महिन्यानं बाळाराम कामावर आला, सहा सत्तावन्नला. तोवर त्याला कळलं होतं, कारण कामगार विम्याच्या दवाखान्यानं भरपाई नाकारताना त्याला सांगितलं की तू तर त्या वेळी कंपनीत नव्हतास. तो खिडकीशी थांबला.

"एक वाजता, साहेब?"

मी म्हणालो, वरून आलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर त्यानं हा विषय माझ्याकडे काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला त्याचा राग तरी करता आला असता. तसा मी राग केलाच, पण त्याला कारण शोधावं लागलं. त्याच्या चिमट्यांना हसणं, घंटीला हसणं, शर्यतीला हसणं, हे माझं तेव्हापासून फार वाढलं.

शर्यत त्यानं सोडली नाही. परतीच्या वाटेवर बदलापुरातच कात्रपचा चढ लागतो, त्याला तो अर्ध्यावर यायचा आणि खोकत उतरायचा, सायकल हातानं वर न्यायचा. तेव्हा कात्रपला भाताची शेतं होती आणि मधूनमधून प्लॉट पाडल्याचे दगड. तिथून पुढे पोचेपर्यंत सव्वादहा, साडेदहा व्हायचे. मंडळाचे लोक खुर्च्या टेंपोत घालून गेलेले असायचे. हा त्या रिकाम्या बांबूपाशी यायचा, बांबूला हात लावायचा आणि घरी जायचा. मंडळाच्या लोकांनी त्याला सांगून पाहिलं की कशाला त्रास घेता, प्रेक्षक म्हणून या, खुर्ची देतो. तो म्हणायचा, एक डाव फीत असताना येतो, मंग खुर्ची द्या. त्याला पहिलं यायचं नव्हतं. फीत सोडायच्या आत पोचायचं होतं आणि वहीत नाव हवं होतं. पाच वर्षं एका माणसाला एवढंच हवं असावं आणि तेही मिळू नये, याचं मला हसू यायचं. निदान मी हसायचो खरा.

सिनेमाची कल्पना करमरकरांची. कंपनीत खंडेनवमीला मशिनींची पूजा व्हायची, त्या दिवशी कामगारांच्या घरची माणसं प्लँट बघायला यायची, कँटीनमध्ये जेवण असायचं. त्या वर्षी मालक स्वतः येणार होते. करमरकरांच्या डोक्यात आलं की 'आमचा जिद्दी कामगार' असं काहीतरी व्हिडिओवर दाखवावं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट उल्हासनगरच्या टेकचंदनं काढली होती. तीन नंबर कँपात त्याचा स्टुडिओ होता. लग्न, मुंज, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, काहीही तो शूट करायचा. माणूस कष्टाळू. खांद्यावर कॅमेरा आणि पाठीवर रेकॉर्डर घेऊन उन्हात दिवसभर उभा राहायचा. पण त्याला एकच सिनेमा येत होता, आणि तो लग्नाचा होता.

पहिली बैठक करमरकरांच्या केबिनमध्ये झाली. मला टिपणं घ्यायला बसवलं होतं. टेकचंदनं बाळारामला विचारलं की तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख काय. बाळारामनं बराच विचार केला आणि म्हणाला, "कात्रपचा चढ."

"वो नहीं, साईं," टेकचंद म्हणाला. "घरातला दुख. हीरोला दुख तो मंगता है ना. पब्लिक रडणार कशावर?"

घरात तसं दुःख निघेना. बायको धडधाकट, पोरं शाळेत, आई सत्तरीची आणि तांदळातला खडा चष्म्याशिवाय शोधणारी. शेवटी टेकचंदनं आईला आंधळी करायचं ठरवलं. मग प्रश्न आला, हीरोला दम का लागतो? माझं पेन तिथे थांबलं. केबिनमध्ये तिघांना त्याचं उत्तर माहीत होतं. त्यातला एक मी, एक करमरकर आणि एक ज्याला दम लागायचा तो. करमरकर खुर्चीत मागे रेलून म्हणाले की दारू दाखवा, दारूनं छाती गेली, मग जिद्दीनं सोडली, त्यात मेसेजही जातो. बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. मी 'दारू' असं लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. भांडेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त टेकचंदला विचारलं, "शर्यत खरी घ्याल ना कॅमेऱ्यात? मी येतो ती फितीपर्यंत?"

"पूरी घेणार, साईं."

"मंग बाकी काय बी करा. कॅमेरा खोटं नाय बोलत," तो म्हणाला.

शूटिंग बघायला मी मुद्दाम रजा काढून गेलो. एवढं चांगलं हसायला फुकट कुठे मिळणार? म्हातारीला काळा चष्मा लावून ओटीवर बसवलं होतं. मुलाच्या डोक्यावरून चाचपडत हात फिरवायचा, एवढंच काम. कॅमेरा सुरू झाला. तिनं हात फिरवला, आणि मग बोट दाखवून म्हणाली, "बाबा, तुझ्या त्या भिंगावर मुंगी चरलीय." मुंगी होती. टेकचंदनं ती फुंकून काढली आणि पुन्हा घेतलं. दारूच्या प्रसंगासाठी बाटलीत कोरा चहा भरला होता. बाळारामनं तो एका दमात संपवला, बाटली खाली ठेवली आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. झिंगायचं कसं हे टेकचंदनं स्वतः चालून दाखवलं तेव्हा गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती.

विजयाचं शूटिंग कात्रपला झालं. शर्यत अजून व्हायची होती, पण करमरकरांना शेवट आधीच हवा होता. उल्हासनगरहून सहा सायकलवाले आणले. चढावर त्यांनी हळू व्हायचं आणि बाळारामनं मागून येऊन पुढे जायचं. बाळारामला सांगितलं होतं की ही प्रॅक्टिस आहे, कॅमेऱ्याची जागा ठरवतोय. ते सहाजण हळू झाले, तसा बाळारामही हळू झाला आणि उतरून चौकशी करायला लागला की चेन पडली का. तीनदा तेच. चौथ्या वेळी तो म्हणाला की ही माणसं दमली आहेत, त्यांना आधी पाणी द्या. शेवटी टेकचंदनं त्याला एकट्यालाच फितीतून जायला लावलं, फीत कशी तुटते ते बघायचंय म्हणून. त्या सहाजणांना वेगळं घेतलं. बाकीचं मिक्सिंगमध्ये जोडू, असं तो मला म्हणाला. मला ते फारच मजेशीर वाटलं आणि मी बाळारामला सांगितलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी पाळी सुटल्यावर बाळाराम खिडकीशी आला. कार्ड पंच केलं आणि उभाच राहिला. उद्या फितीपाशी घड्याळ घेऊन उभे राहाल का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, मंडळाचे लोक असतात की, टेकचंद आहे. तो म्हणाला, असू दे, तुम्ही टाइमवाले आहात. मी हो म्हणालो.

सव्वीस जानेवारीला मी फितीपाशी स्वेटर घालून उभा होतो. तेवीस सायकली सुटल्या. सव्वानऊपासून पातळ सायकली यायला लागल्या. प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे भाषण होतं म्हणून बक्षिसं साडेनऊलाच उरकली. पावणेदहाला टेबल उचललं, वही पिशवीत गेली, माइकवाला वायरी गुंडाळायला लागला. मी म्हणालो, दहा वाजायचेत. मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, आता कोण यायचं राहिलंय? मग त्यालाच आठवलं आणि तो हसला. तो नेहमीचा ना, म्हणाला.

फितीचं एक टोक त्यांनी सोडलं. ते खाली पडलं तेव्हा मी उचललं आणि बांबूशी धरून उभा राहिलो. का, ते मला विचारू नका. मी उपकार म्हणून केलं नाही. माझ्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते आणि दहाच्या आधी ती सोडणं नियमात बसत नव्हतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. समोर टेकचंद कॅमेरा लावून उभा होता. तो मला हातानं खुणावत होता की फ्रेममधून बाजूला व्हा.

वळणावर घंटी वाजली. रस्ता रिकामा होता.

मग तो दिसला. तोंड उघडं, ओठ काळेनिळे, मान एका बाजूला पडलेली, पण सायकलवर बसलेला. चढावर तो उतरला नव्हता. नंतर त्यानंच सांगितलं, उतरलो असतो तर पुन्हा बसता आलं नसतं. तो फितीतून गेला, टोक माझ्या हातातून सुटलं, आणि तो पुढे जाऊन सायकल धरून रस्त्यात बसला. बोलता येईना. मनगटावर बोट ठेवून त्यानं मला विचारलं.

"नऊ सत्तावन्न," मी म्हणालो.

त्यानं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तेवीस जणांत तो विसावा आला होता, मागचे तिघे वांगणीहूनच परतले नव्हते. वहीत नाव लागलं नाही, कारण वही गेलेली होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही. कॅमेऱ्यात आलंय ना, असं दम परत आल्यावर तो म्हणाला. मग सायकल उभी करून त्यानं हँडल सरळ केलं.

खंडेनवमीला कँटीनमध्ये झेंडूच्या माळा, भाड्याचा मोठा कलर टीव्ही, व्हीसीआर, पुढे मालक, मागे तीनशे माणसं. बाळारामची आई आणि बायको पहिल्या रांगेत. सिनेमा सुरू झाला. प्रत्येक प्रसंगानंतर बदामाचा आकार येऊन चित्र बदलायचं, लग्नात बदलतं तसं. आंधळी आई दिसली, लोक गहिवरले. दारू पिऊन झिंगणारा बाळाराम दिसला, तेव्हा प्लँटमधले लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "माझा पोऱ्या कवा पीला?" कुणीतरी तिला गप्प केलं. मग कात्रपचा चढ, सहा सायकलवाले दमलेले, बाळाराम एकटा पुढे, फीत तुटली, आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. टाळ्या. करमरकर उठून म्हणाले की व्यसनावर मात करणारा असा कामगार आमच्याकडे आहे याचा कंपनीला अभिमान आहे. मालकांनी शाल दिली.

बाळाराम शाल खांद्यावर तशीच घेऊन टेकचंदकडे गेला. मी व्हीसीआरशेजारी होतो, मला ऐकू आलं.

"नऊ सत्तावन्न कुठंय?"

टेकचंदला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. "साईं, तो विसावा नंबर होता. पब्लिकला काय दाखवणार? लग्नाचा सीझन होता, कॅसेट कमी पडली. त्याच्यावर एक साखरपुडा घेतला."

त्यांच्या धंद्यात ती नेहमीची गोष्ट. कामाचं वेगळं करून घेतलं की कच्ची कॅसेट पुन्हा वापरायची. टेकचंदनं पुढे खटपट करून तो साखरपुडा शोधला आणि मला दाखवलाही. सगळे पेढे खाऊन झाल्यावर शेवटी काही सेकंद आमचा रस्ता राहिला होता. त्यात दोन बांबू होते, आणि मंडळाचा माणूस खाली पडलेली फीत गुंडाळत होता. कॅमेऱ्यानं एवढंच सांभाळलं होतं.

बाळारामनं त्या दिवशी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, पायांना चिमटे लावले आणि आईला कॅरिअरवर बसवून घरी नेलं. त्यानंतर प्लँटमध्ये त्याला लोक 'क्वार्टर' म्हणायला लागले, थट्टेत. काही वर्षांनी नवीन आलेल्यांना ती थट्टा आहे हेही माहीत नव्हतं.

दसरा झाल्यावर पहिल्या दिवशी, सहा सत्तावन्नला, तो खिडकीशी आला. त्याच्या हातात एक कोरं कार्ड होतं. रॅकच्या खालच्या खणातून त्यानं ते उचललं होतं, जे कामगारानं करायचं नसतं.

"साहेब," तो म्हणाला, "एक डाव खरी वेळ लिवा."

पाच-सहा वर्षांत त्या गोष्टीबद्दल तो एवढंच बोलला. मागे रांग लागली होती. मी त्याचं नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला, सुरुवात आठ, पोचला नऊ सत्तावन्न, खाली सही केली. कारणाचा रकाना आला तेव्हा सवयीनं माझं पेन तिथे टेकलं. त्यानं खिडकीतून हात आत घालून कार्ड हळूच ओढून घेतलं. ती जागा कोरीच राहिली.

नव्वदनंतर कंपनीला उतरती कळा लागली आणि एका सोमवारी गेटवर नोटीस दिसली. करमरकर त्याआधीच वारले होते. शेड विकली गेली, तिथे कसलंतरी गोडाऊन झालं. मी कात्रपला फ्लॅट घेतला. शेतं गेली, तिथे इमारती, शाळा, किराणा दुकानं, त्या चढावर आता रिक्षा स्टँड. एक दिवस युनियनचा जुना माणूस भेटला. म्हणाला की बाळारामच्या छातीचं फार वाढलंय, डॉक्टर विचारतात गॅस कधी लागला होता, आणि कागद तर म्हणतो की हा कंपनीतच नव्हता.

मी आठवडाभर विचार केला. मग कोर्टासमोरून स्टँप पेपर आणला आणि बसून सगळं लिहिलं. तीनची वेळ, मागचं गेट, जीप, करमरकर आणि माझी सही. लिहून झाल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे लाज सोडून सांगतो. त्या सिनेमातल्या पाकळ्या थोड्या माझ्याही अंगावर पडल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पाचला त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर उशांना टेकून बसला होता. आत भिंतीवर म्हातारीचा हार घातलेला फोटो, आणि शेजारी काचेच्या फ्रेममध्ये ते कार्ड. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो सावकाश वाचला. वाचताना दोनदा थांबून श्वास घेतला. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"ती फीत सोडली कवाच, साहेब," तो म्हणाला.

मी म्हणालो, कोर्टात जाऊ, मी साक्ष देतो. तो म्हणाला की कंपनी नाही, साहेब नाहीत, कुणावर जायचं. मग त्यानं मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

"दोन्ही अक्षर तुमचंच हाय. कुठलं भिंतीला लावायचं, ते मी बघितलं."

त्यानं चहा करायला सांगितलं. मी तो घेतला, साखर बरोबर होती. निघालो तेव्हा तो नको नको म्हणताना उठला आणि मला नाक्यापर्यंत सोडायला आला. सायकल घेऊन. बसून चालवायची नव्हती, टेकायला हवी होती. एक हात हँडलवर, एक सीटवर, दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. दर वेळी थांबला की हँडल सरळ करायचा. नाक्यावर तो वळला, मी तिथेच उभा राहिलो. गल्ली रिकामी होती, तरी वळणाआधी त्यानं घंटी वाजवली.

सवयीनं मी घड्याळ बघितलं. पाच वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. लिहायला माझ्याकडे खिशातला तो स्टँप पेपर होता, आणि तो माझ्याच सुंदर अक्षरानं वरपासून खालपर्यंत भरलेला होता.